नाच थांबवू नका, झडप सावकाश करा



आज मी तुमच्यापुढे बोलणार आहे ते फोटो काढण्याविषयी. रेडिओवरून फोटोविषयी बोलायचं म्हणजे निरोपावर जेवण वाढण्यासारखं आहे, असं कोणी म्हणेल. पण माझा आजचा विषय असा आहे की त्यात डोळ्याइतकंच कानालाही काम आहे. ते कसं, हे शेवटी कळेलच.

प्रथम माझी एक फजिती सांगतो. तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी गेलो होतो. शाळेच्या छापील अंकासाठी तारप्याच्या नाचाचा फोटो हवा होता. मुलंमुली एकमेकांच्या कमरेला विळखा घालून नाचत होती, मधोमध एक वृद्ध तारपकरी फिरत फिरत तारपा वाजवत होते. मी कॅमेरा लावला, पण पोरं काही केल्या जागेवर राहीनात. तेव्हा मी काय केलं? मोठ्यानं ओरडलो, "थांबा रे, जरा हलू नका!" तारपा बंद झाला. मुलं थबकली. मी खटका दाबला. फोटो असा लख्ख आला की एकेकाच्या सदऱ्याची गुंडी मोजून घ्यावी.

पुढल्या खेपेस तो फोटो शाळेच्या फळ्यावर लावलेला होता आणि ते तारपकरी बाबा त्याच्यापुढे उभे होते. बराच वेळ त्यांनी पाहिलं आणि आपल्या वारली बोलीत मला काहीतरी विचारलं. गुरुजींनी त्याचा अर्थ सांगितला तो असा : "ही पोरं उभी का राहिलीत? तारपा मोडला काय?"

मंडळी, मी निरुत्तर झालो. त्या फोटोत सगळं होतं, फक्त नाच नव्हता. जी गोष्ट टिपायला मी गेलो होतो, तीच मी आधी बंद पाडली आणि मग तिचा फोटो काढला! आपल्या शाळांतून, जत्रांतून, लग्नांतून हे रोज घडतं. पेरणी करणाऱ्या माणसाला आपण मूठ हवेत धरून उभं करतो, जात्यावरच्या बाईला म्हणतो, "खुंटा धरून इकडे बघा." फोटो स्पष्ट येतो आणि काम नाहीसं होतं. यावर उपाय आहे, आणि तो फार खर्चाचाही नाही. उपाय म्हणजे कॅमेऱ्याची झडप सावकाश करणं.

ही झडप म्हणजे काय? कॅमेरा म्हणजे एक अंधारी खोली समजा. तिला एक खिडकी आहे आणि खिडकीला झडप. झडप उघडली की उजेड आत येतो, मिटली की चित्र पुरं झालं. या झडपेला आपण शटर म्हणतो. ती किती वेळ उघडी ठेवायची हे आपल्या हाती असतं. कॅमेऱ्यावर ५००, १२५, ३०, ८ असे आकडे दिसतात, ते सेकंदाचे हिस्से होत. ५०० म्हणजे सेकंदाचा पाचशेवा हिस्सा. पापणी लवायलाही याहून किती तरी जास्त वेळ लागतो. ८ म्हणजे आठवा हिस्सा. आकडा मोठा, तर वेळ थोडा. हे व्यस्त प्रमाण एकदा ध्यानी आलं की अर्धं काम झालं.

आता थोडं गणित करू. गुरुजन हो, हे फळ्यावर मांडण्याजोगं आहे. एक मुलगी सेकंदाला एक मीटर या चालीनं कॅमेऱ्यासमोरून आडवी चालली आहे. झडप पाचशेव्या हिश्श्याइतकी उघडली, तर तेवढ्यात ती किती सरकेल? अवघी दोन मिलिमीटर. फोटोत ती उभी असल्यासारखीच दिसेल. झडप चौथ्या हिश्श्याइतकी उघडी ठेवली, तर ती पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी अधिक सरकेल; आणि तेवढा तिचा माग फोटोत पुसट पट्ट्यासारखा उमटेल. पूर्ण सेकंदभर उघडी ठेवली, तर मीटरभर. मग मुलगी दिसणार नाही, नुसता धूर दिसेल.

म्हणजे झडप जलद केली की क्षण मिळतो, सावकाश केली की काळ मिळतो. दोन्हींना आपापली जागा आहे. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं जलद झडपांचे कॅमेरे ओळीनं मांडले आणि धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे दाखवून दिलं. डोळ्याला जे कधी दिसलं नव्हतं ते जलद झडपेनं दाखवलं. कबड्डीत गडी रेषेला शिवला की नाही हे पाहायचं तर जलद झडपच हवी.

पण उलट बाजूही पाहा. १८३८ साली दागेर यांनी पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. त्या काळी चित्र उमटायला मिनिटांच्या हिशेबानं वेळ लागे. गाड्या आणि माणसं येत-जात होती, ती सगळी चित्रातून नाहीशी झाली. रस्ता ओस दिसतो. ओळखू येतो तो एकच माणूस, कारण तो बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी उभा होता. आणि त्याच्यापाशी पॉलिश करणारा. चालत्या जगातून जो थांबला तोच उरला!

आपल्या इकडचं एक उदाहरण सांगतो. आपल्या डहाणू रोड स्टेशनातून गाडी धरली की ती आपल्याला चर्चगेटला नेऊन सोडते. २०१३ सालापासून तर लोकलच डहाणूपर्यंत येते. त्या चर्चगेट स्टेशनात १९९५ साली रघु राय यांनी एक फोटो काढला. गर्दीचा लोंढा चालला आहे, आणि सावकाश झडपेमुळे ती सगळी माणसं वितळून गेल्यासारखी पुसट झाली आहेत. पण त्या लोंढ्यातच काही माणसं वर्तमानपत्र वाचत स्वस्थ आहेत, ती मात्र रेखीव उमटली आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, आपणच त्या गर्दीत उभे आहोत. सगळ्यांना एकदम थांबवलं असतं तर ते नुसतं माणसांनी भरलेलं स्टेशन झालं असतं. स्वस्थ माणूस आहे म्हणून गर्दीची धाव कळते, आणि धाव आहे म्हणून त्याचं स्वस्थ असणं कळतं.

इथे या विद्येचं मुख्य सूत्र हाती लागतं. ते असं : हालचाल दाखवायची असेल, तर चित्रात काहीतरी अचल पाहिजे. नुसता हललेला फोटो निराळा आणि हालचालीचा फोटो निराळा. कॅमेरा धरणाऱ्याचा हात हलला की झाडं, भिंती, माणसं, सगळंच पुसट होतं. तो बिघडलेला फोटो. झाड, खांब, पडवीत बसलेली म्हातारी ही स्पष्ट, आणि नाचणारे तेवढे वाहते, तर तो हालचालीचा फोटो.

हे सूत्र घेऊन मी त्या शाळेत पुन्हा गेलो. आता तारप्याचा नाच कसा असतो हे डहाणू-तलासरीकडच्या श्रोत्यांना मी सांगायला नको, पण घाटावरच्या मंडळींसाठी दोन शब्द सांगतो. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य. सुकवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, सांधायला मेण आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा. वाजवणारा दम तोडत नाही, सूर अखंड चालू राहतो. वाजवता वाजवता तो चालतो आणि त्याच्या भोवती नाचणाऱ्यांची साखळी फिरते. तो वळेल तिकडे साखळी वळते. तारप्याला पाठ करायची नाही, असा दंडक. तारपकऱ्यानं सूर बदलला की पावलं बदलतात. तेव्हा या नाचात सुटा माणूस असा नाहीच. असते ती साखळी, आणि तिचं फिरणं. एकेका माणसाला जागच्या जागी गोठवून या नाचाचा फोटो कसा निघावा?

या खेपेस मी कोणाला थांबवलं नाही. सूर्य डोंगराआड—नव्हे, आपल्याकडे तो समुद्रात—बुडायच्या बेतात होता. कॅमेऱ्याला तिपाई नव्हती, म्हणून शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर वाळूची पिशवी ठेवली आणि तीवर कॅमेरा नीट बसवला. खटका दाबतानाही कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांनी आपोआप फोटो निघावा अशी कळ लावून दिली. पहिला फोटो पंधराव्या हिश्श्याचा घेतला. पावलं तेवढी जराशी पुसटली. दुसरा चौथ्या हिश्श्याचा. साखळीतले हात एकमेकांत मिसळून त्यांचा एकच पट्टा झाला, पाठी वाकल्या होत्या त्या वाकलेल्याच राहिल्या, आणि मागचं आंब्याचं झाड जागच्या जागी. तिसरा पूर्ण सेकंदाचा घेतला, त्यात माणसं हरवली. चौथा हिस्सा बरोबर बसला.

आता यात एक अडचण येते. झडप जास्त वेळ उघडी, म्हणजे उजेड जास्त आत शिरणार, आणि फोटो पांढरा फटक होणार. पागोळीखाली हंडा ठेवल्यासारखं आहे हे. धार मोठी असली तर हंडा लवकर भरतो, बारीक असली तर वेळ लागतो. हंडा तर तेवढाच भरायचा. तेव्हा वेळ वाढवायचा असेल तर धार बारीक करायची. भिंगामागचं छिद्र लहान करायचं. इथेही आकडा उलटा चालतो : एफ २२ म्हणजे बारीक छिद्र, एफ ४ म्हणजे मोठं. आय.एस.ओ. नावाचा आकडा शंभरावर, म्हणजे खाली ठेवायचा. झाडाच्या सावलीत एवढं केलं की सहाव्या-आठव्या हिश्श्यापर्यंत जाता येतं. भर उन्हात मात्र याच आकड्यांना झडप पन्नासाव्या हिश्श्याच्या खाली येत नाही. तिथे भिंगापुढे एक करडी काच लावतात, तिला दुकानात एन.डी. फिल्टर म्हणतात. उजेड आठपट कमी करणारी काच लावली, तर पन्नासावा हिस्सा सहाव्या हिश्श्यावर येतो. काच नसेल तर सोपा उपाय म्हणजे संध्याकाळची वाट पाहणं. नाचही तेव्हाच रंगात येतो.

हल्ली पुष्कळांच्या खिशात कॅमेरा म्हणजे फोनच असतो. फोनचं छिद्र मोठं आणि बहुधा ठरावीक असतं, ते लहान करता येत नाही. म्हणून दिवसा फोननं हे साधणं कठीण. पण पुष्कळ फोनांत "प्रो" म्हणून एक सोय असते, तिच्यात झडपेचा वेळ आपल्याला ठरवता येतो. दिवेलागण झाली, अंगणात एखादा दिवा आहे, फोन विटांच्या आधारानं पक्का उभा केला आहे, अशा वेळी आठवा हिस्सा लावून पाहा. आणि एक कराच : फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशचा लखलखाट म्हणजे क्षणार्धाचा उजेड. तो माणसाला जागीच खिळवतो, नाचणाऱ्याचे डोळे दिपवतो आणि मागची रात्र काळीठिक्कर करून टाकतो.

तर मंडळी, तो चौथ्या हिश्श्याचा फोटो आम्ही फळ्यावर लावला. तारपकरी बाबांनी तो पाहिला आणि ते हसले. त्यांचं बोट साखळीच्या पट्ट्यावरून गोल फिरत गेलं. मला वाटलं, जिंकली.

तेवढ्यात एका मुलीची आई आली. तिनं फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला आणि विचारलं, "यात माझी पोर कुठली?" मुलगी साखळीच्या पुढल्या भागात होती. तिचा चेहरा पुसून गेला होता. आईला नाच नको होता, लेक हवी होती. आणि त्यात तिचं काय चुकलं?

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. कारण सावकाश झडपेच्या फोटोला लोक कलात्मक म्हणतात आणि काढणारा फुशारून जातो. पण तो फोटो घेतो तसं काहीतरी हिरावतोही. आदिवासी नाचाचे फोटो आजवर थोडे निघाले नाहीत. परंतु त्यांतल्या माणसांची नावं किती फोटोंखाली लिहिलेली असतात? जिथे नावच नाही, तिथे आपण चेहराही पुसला, तर उरलं काय? तेव्हा मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. नाच चालू असताना नाचाचा फोटो. आणि नाच आपणहून संपला की, सर्वांची परवानगी घेऊन, चेहऱ्यांचा फोटो. दोन्ही फोटोंच्या मागे गाव, पाडा, तारीख आणि त्यांची ना नसेल तर नावं लिहायची. आणि दोहोंची एकेक प्रत त्यांच्या घरी पोचवायची. प्रत पोचवली नाही, तर तो फोटो काढला नव्हे, नेला.

त्या आईच्या प्रश्नानं मला आणखी एक गोष्ट शिकवली. मी तो फोटो पुन्हा निरखून पाहिला, तेव्हा ध्यानात आलं की सगळेच चेहरे पुसलेले नाहीत. गोलाच्या डाव्या आणि उजव्या टोकाची मुलं बरीच स्पष्ट होती. सगळे नाचत तर एकाच चालीनं होते, मग असं का? कारण सोपं आहे. गोलाच्या जवळच्या आणि पलीकडच्या भागातली मुलं कॅमेऱ्यासमोरून आडवी सरकत होती. दोन्ही टोकांची मुलं मात्र कॅमेऱ्याकडे येत होती किंवा त्याच्यापासून दूर जात होती. रुळाजवळ उभे राहा : समोरून येणारी गाडी दूर असताना जागची हलत नाहीशी वाटते, आणि तीच आपल्यासमोरून जाताना डबेही मोजता येत नाहीत. तसंच हे. त्यातही आपल्याकडे तोंड करून येणाऱ्या बाजूला चेहरे अधिक मिळतात. साखळी फिरत असते, म्हणून प्रत्येक मुलगी केव्हा ना केव्हा त्या टोकाला येतेच. एका फोटोवर न थांबता पाच-सहा घेतले, तर प्रत्येक आईला आपली लेक कुठल्या तरी फोटोत सापडते. पुढच्या खेपेस मी तसं केलं, आणि त्या बाईंना त्यांची मुलगी दाखवू शकलो.

आता तुम्ही म्हणाल, चेहरा नसलेलं चित्र आमच्या वारल्यांना काय नवं आहे? अगदी खरं. आपल्या भागातल्या वारली चित्रांत माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचा ठिपका. नाक नाही, डोळे नाहीत. लग्नघरात सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, ती ही परंपरा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती रेघ भिंतीवरून कागद-कापडावर आणली आणि जगभर पोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांच्या चित्रात तारप्याभोवतीचा नाच पाहा. साखळी एकावर एक वेढे घेत गेलेली असते. त्रिकोण असे झुकलेले की आता पडतील, पण पुढचा आणि मागचा त्यांना धरून आहे. स्थिर कागदावर नाच चाललेला दिसतो. माणसं, पाखरं, जनावरं, किडे, सगळं रात्रंदिवस हलत असतं, जीवन म्हणजेच हालचाल, अशा अर्थाचं ते सांगत. मला तर वाटतं, कॅमेऱ्याच्या झडपेला जे आज साधायचं आहे, ते या भिंतींवर आधीच साधलेलं होतं. नाच लिहिणाऱ्या त्या हातांनी कोणाला कधी "थांबा" म्हटलेलं नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. वर्गातला पंखा घ्या. तो मिनिटाला ३०० फेरे घेतो असं धरा, म्हणजे सेकंदाला पाच. त्याला तीन पाती आहेत. झडप किती वेळ उघडी ठेवली म्हणजे एक पातं दुसऱ्या पात्याच्या जागी पोचेल आणि फोटोत सगळी तबकडी भरून दिसेल? एक तृतीयांश फेरा हवा. सेकंदाला पाच फेरे. म्हणजे सेकंदाचा पंधरावा हिस्सा. मुलांना आधी गणित करू द्या, मग फोटो काढून ताळा पाहू द्या. पंखा नसेल तर नारळाच्या पातीची भिरभिरी चालेल. अपूर्णांक कशाला शिकायचे, असं मग कोणी विचारणार नाही. आणि समुद्रकाठच्या शाळांनी संध्याकाळी खडकावर फुटणाऱ्या लाटेवर हाच प्रयोग करावा. पाचशेव्या हिश्श्याला थेंब मोजता येतात, आठव्याला फेसाच्या रेघा होतात, दोन सेकंदांना समुद्राचं धुकं होतं. यांतला खरा समुद्र कोणता, यावर मुलांना भांडू द्या.

आणि आता सुरुवातीला कबूल केलेली कानाची गोष्ट. सावकाश झडपेचा फोटो डोळ्यानं पाहून दाबला तर हुकतो. पाऊल उठलेलं दिसलं, मग बोट दाबलं, तोवर पाऊल टेकलेलं असतं. पण तारपा ऐकत राहिलात, तर चार-सहा फेऱ्यांत पाऊल कुठल्या सुरावर आपटतं हे कळू लागतं. ठेका आला की अंग क्षणभर सावरतं आणि मग पुढे झेपावतं. त्या ठेक्यावर झडप उघडली, तर सावरलेलं अंग स्पष्ट उमटतं आणि झेप तेवढी वाहती येते. म्हणजे नाचणाऱ्यांना जो नियम, तोच फोटो काढणाराला : तारप्याकडे पाठ करायची नाही.

माझा तो पहिला, लख्ख फोटो मी अजून जपून ठेवला आहे. कोणाला "थांबा" म्हणायचं तोंडावर आलं, की तो काढून पाहतो, आणि बाबांचा प्रश्न ऐकू येतो : तारपा मोडला काय?